डबा एक, चांगल्या स्थितीत

आमच्या अच्युत रोडलाइन्समध्ये मला सगळे कॉम्प्युटरवाले काका म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण साठी उलटलेल्या माणसानं सगळ्याच गोष्टी मनावर घेऊ नयेत. रायपूरच्या भनपुरीला रस्त्याला लागून आमचं ऑफिस, मागे गोडाऊन आणि त्याच्या मागे ट्रकांचं मैदान. धूळ इतकी, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहून घ्यावं. नागपूरहून आलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं काढू आणि परत जाऊ. तीस वर्षं झाली.

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात सगळा जीव बिल्टीत असतो. माल कोणाचा, कुठून आला, कोणाला द्यायचा, गोडाऊनमध्ये कुठल्या ओळीत पडलाय, सगळं बिल्टीवर. पूर्वी ती कार्बन घालून कागदावर फाडत. आता कॉम्प्युटरवर निघते आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जाते, कागद बंद. साऱ्या बिल्ट्या एका सर्व्हरमध्ये, तो सर्व्हर माझ्या खोलीत. तो बसला की कंपनी बसली.

म्हणून त्याची एक नक्कल दर शनिवारी आमच्याच ट्रकनं नागपूरला जायची. तिथे नंदनवनला माझी थोरली बहीण राहते, वनमालाताई. तिच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती नक्कल असायची. हसू येतं ना? येऊ द्या. अनिमेषलाही यायचं. अनिमेष म्हणजे आमचा आताचा मालक, कंपनी काढणाऱ्या अच्युतरावांचा नातू.

अच्युतरावांना सगळे नाना म्हणत. एका पावसाळ्यात ऑफिसचा पत्रा गळला आणि सर्व्हर भिजला. टेपवर नक्कल होती, पण ती त्याच टेबलाच्या खणात. तीही भिजली. पंडरी बाजारातले कापडवाले दारात उभे राहून ओरडत होते आणि मी पंख्याखाली टेप वाळवत बसलो होतो. नाना ओरडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "श्याम, घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावते का रे कोणी?"

"नाही, नाना."

"मग? ट्रक आपले, नागपूर आपलं. धाड तिकडं."

आधी नागपूरच्या ब्रँचमध्ये धाडून पाहिलं. तिथल्या मॅनेजरनं तिच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. तेव्हा नानाच म्हणाले, तुझी बहीण आहे न तिकडं, शाळामास्तरीण, तिच्यापाशी ठेव. फक्त एक अट घातली. बहीण असली तरी बिल्टी फाडायची, आणि मागच्या डब्याची पोच मिळाल्याशिवाय पुढचा डबा निघणार नाही.

ताईनं ही अट अशी उचलली, की जणू तिला सरकारी हुद्दाच मिळाला. आधी टेप, मग सीडी, मग डिस्क. काळ बदलला, पण तिचं काम तेच. दोन डिस्का आळीपाळीनं फिरायच्या. स्टीलच्या डब्यात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली डिस्क, आणि ओल लागू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी. ती ताईचीच अक्कल. रविवारी सकाळी ड्रायव्हर धर्मपाल डबा घेऊन तिच्या दाराशी जायचा. ती आधी डबा उघडून बघायची, मग त्याला चहा, आणि मग मला फोन. फोनवर 'हॅलो' नाही, 'कसा आहेस' नाही. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणायची, "वनमाला देशकर, नंदनवन. डबा मिळाला. डबा एक, चांगल्या स्थितीत."

मी म्हणायचो, "बरं."

मग ती एकदम ताई व्हायची. "आता सांग, काय जेवला?"

मागच्या आठवड्याची डिस्क परतीच्या ट्रकनं यायची, आणि तिच्यासोबत रिकामा डबा कधीच आला नाही. कुरड्या, सांडगे, तिळाच्या पोळ्या, उन्हाळ्यात आंब्याचा मुरांबा. ऑफिसमधली पोरं धर्मपालच्या ट्रकची वाट बघायची, डिस्कची नव्हे. भाऊजी गेले, लेक पुण्याला गेली, ताई घरात एकटी राहिली, पण नंदनवनातल्या साऱ्या बायांना ठाऊक होतं, की रायपूरच्या एका मोठ्या कंपनीचा सगळा कारभार देशकरबाईंच्या कपाटात आहे. भिशीला जातानासुद्धा ती कपाटाची किल्ली कमरेला लावून जायची.

अनिमेष आला आणि क्लाउड आलं. पोरगा वाईट नाही, हुशार आहे, बंगलोरला शिकून आलाय. मराठी त्याला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. त्यानं एक दिवस मला बसवून समजावलं, की सर्व्हरवर जे जे होतं ते त्याच क्षणी दूर कुठल्या तरी मोठ्या सर्व्हरवर आपोआप जातं.

"काका, अब ये ट्रक वाला सिस्टिम बंद कर देते हैं न. दिवाली तक चलाओ, फिर बस."

"का बरं? ट्रक तर जातेच आहे."

"लोग हँसते हैं, काका."

लोक हसतात! लोकांच्या हसण्यानं नक्कल खराब होते काय? पण मालक तो, मी नोकर. दिवाळीपर्यंत म्हणाला, ठीक आहे. ताईला मात्र काही सांगितलं नाही. फोन उचलायचो आणि जीभ रेटायचीच नाही.

दसऱ्याला आमच्याकडे मोठी पूजा असते. ट्रकांना झेंडूचे हार, गोडाऊनच्या काट्याला हळद-कुंकू, सर्व्हरच्या रॅकलासुद्धा एक फूल. त्या गडबडीत बुकिंगवरच्या सुशीलनं ऑफिसच्या मशीनवर आलेली एक विजयादशमीच्या शुभेच्छांची फाइल उघडली. रावण नाचताना दिसेल म्हणे. रावण काही नाचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर उघडला तर एकेक फाइल कुलूपबंद, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी.

"टेन्शन नहीं, काका," अनिमेष म्हणाला आणि त्यानं क्लाउड उघडलं. तिथेही तेच. ज्या इमानदारीनं ते चांगला माल नेत होतं, त्याच इमानदारीनं रात्रभर त्यानं सडका माल नेला होता. जुनी प्रत शिल्लक ठेवायची सोय अनिमेषनं घेतलीच नव्हती, कशाला लागते म्हणून. फिरतीवरची दुसरी डिस्क शनिवारच्या तयारीत सर्व्हरला लावलेलीच होती, तिचंही तेच झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

दिवाळी तोंडावर. गोडाऊन छतापर्यंत भरलेलं. साड्यांच्या गाठी, फटाके नसलेली पण फटाक्यांसारखी घाई असलेली खोकी, मिक्सर, पंखे, लग्नाचे कुकर. यातलं कोणाचं काय, एकालाही सांगता येईना. अनिमेष खाली जमिनीवर बसला. माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "काका, दीदी के पास... है न?"

पहिल्यांदाच त्यानं तिला दीदी म्हटलं. आत्या म्हणायला हवं होतं, पण मी ऐकून घेतलं.

"आहे," मी म्हणालो. "मागच्या शनिवारची." आणि छाती अशी फुगली म्हणता, विचारू नका.

ट्रकची वाट बघायला वेळ नव्हता. शनिवारी पहाटे अनिमेषनं स्वतः गाडी काढली. राजनांदगाव गेलं, देवरी गेलं, भंडारा गेलं, वाटेत एकदाही तो मोबाइल बघेना. मी मात्र खुशीत होतो. मनात ताईला ऐकवायची वाक्यं जुळवून ठेवली होती. बघ, म्हणणार होतो, लोक हसत होते.

ताईनं जरीची साडी नेसली होती. शेजारच्या दोघी बाया बोलावून ठेवल्या होत्या, साक्षीला असाव्यात तशा. अनिमेष पाया पडला, तिनं त्याला आशीर्वाद दिला, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि दोन्ही हातांनी डबा आणून टेबलावर ठेवला. "घे. चांगल्या स्थितीत."

मी झाकण काढलं. डिस्कवर आपट्याचं पान, अक्षता, झेंडूची पाकळी, आणि हळद-कुंकू. दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रं पुजतात. ताईच्या घरी भाऊजींच्या स्कूटरची किल्ली, शिलाई मशीन आणि कंपनीची डिस्क. दरवर्षीच ती पूजा करायची. परत आलेल्या डिस्कवरचं कुंकू मी रुमालानं पुसून टाकायचो, कधी बोललो नाही. पण दरवर्षी कुंकू असायचं वरच्या अंगाला. यंदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळे अजून निवळले नव्हते. ओलं कुंकू थेट डिस्कच्या तोंडात गेलं होतं, जिथे वायर बसते तिथे. सुकून दगड झालं होतं.

लॅपटॉपला लावली. दिवा लागला नाही. परत लावली. नाही.

"ताई, हे काय करून ठेवलं तू!" मी ओरडलोच. शेजारच्या बाया उठून दारापर्यंत गेल्या.

ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि वाकून डिस्कचं तोंड बघितलं. मग म्हणाली, "मले वाटलं, तेच तिचं कपाळ आहे."

त्यानंतर मी टूथब्रश मागितला, स्पिरिट मागितलं, टाचणी मागितली. ती सगळं आणून देत होती आणि दर वेळी मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहत होती. अनिमेष मोबाइलचा उजेड धरून बसला होता. कुंकू निघालं, पण आतल्या पट्ट्यासुद्धा त्याच्यासोबत उपटून आल्या. दिवा लागला नाही.

"रायपूरले नेऊन बघतो," मी म्हणालो.

"ने."

दाराशी आलो तरी ती आत गेली नाही, पिशवी आणली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरून मी रिकाम्या हातानं निघालो. गाडीत अनिमेषनं मला विचारलं, "काका, दीदी ठीक हैं न?" त्याची कंपनी बुडत होती आणि हे पोरगं ताईची चौकशी करत होतं. त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनातसुद्धा शिव्या देणं सोडलं.

रविवारी सकाळी ऑफिसला जाऊन मी डिस्कचं प्लास्टिकचं खोकं उघडलं. त्या डिस्का जुन्या बनावटीच्या. खोक्याच्या आत वायरच्या तोंडाची छोटी सर्किटची पट्टी, आणि पट्टीच्या मागे खरी डिस्क, तिचं तोंड वेगळंच. कुंकू पट्टीपर्यंत येऊन थांबलं होतं. पट्टी बाजूला केली आणि सुशीलनं त्या सकाळी दुकानातून आणलेल्या कोऱ्या मशीनला डिस्क सरळ जोडली. घर्र झालं. मी हात जोडले. पडद्यावर मागच्या शनिवारच्या नावाची फाइल आली, धडधाकट. अनिमेषनं मला उचललंच, माझ्या कंबरेचा विचार न करता.

मी आधी ताईला फोन लावला. "चालली ग! सगळं आहे! कुंकू बाहेरच होतं, आत गेलंच नाही."

"बरं झालं," ताई म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "श्याम, एक ऐक. आता माह्याकडं नको धाडू. मले दिसत नाही, हात थरथरते. एवढ्या लोकाइचं सामान, माह्यामुळं गेलं असतं न."

"गेलं कुठं? तुह्यामुळं तर वाचलं."

"तुले माहीत आहे मी काय म्हणून राहिली ते." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. गंमत बघा, त्याच दुपारी अनिमेष येऊन सांगून गेला, की डबा बंद होणार नाही, क्लाउड नीट करू आणि डबाही चालू ठेवू. जे बंद होऊ नये म्हणून मी महिनाभर कुढत होतो ते वाचलं, आणि जिच्यासाठी वाचवायचं होतं तीच नको म्हणत होती. दुसऱ्या कोणाकडे ठेवता आलं असतं. बँकेचं लॉकर आहे, ब्रँच आहे. पण रविवारी सकाळी ताईचा फोन आला नाही, तर मी त्या रविवारचं काय करायचं?

डेटा परत चढवायला रविवार गेला. सोमवारी सकाळी तपासणी. आपण चढवलेलं खरंच बरोबर चढलंय का हे बघायला एखादं ओळखीचं नाव शोधायचं असतं. माझं नाव ठरलेलं. 'माल घेणार' या रकान्यात टाइप केलं, वनमाला देशकर. मग 'माल पाठवणार'मध्येही तेच.

यादी उतरत गेली. मालाचं वर्णन बुकिंगवाल्या पोरांनी धर्मपालला विचारून भरलेलं, जे तो म्हणेल ते. डबा एक, कुरड्या. डबा एक, दिवाळीचा फराळ, शंकरपाळे जास्त. डबा एक, श्यामच्या मुलीसाठी झबली. माझी मुलगी आता नवा रायपूरला मंत्रालयात नोकरी करते आणि तिची झबली आमच्या सर्व्हरमध्ये आहेत. डबा एक, नानांसाठी पथ्याचं लोणचं. त्यानंतरच्या पावसाळ्यात नाना गेले. डबा एक, आईची पातळं, घडी करून. आई ताईकडेच गेली होती. तेराव्यानंतर ताईनं अर्धी पातळं स्वतःला ठेवली आणि अर्धी डिस्कसोबत मला पाठवली, आणि बुकिंगवाल्या पोरानं मुकाट्यानं तसं लिहिलं. लॉकडाऊनात सगळं थांबलं होतं, आमचे औषधाचे ट्रक चालू होते. डबा एक, काढ्याचा मसाला, शिवलेले मास्क. भाऊजी गेले त्या आठवड्याचा तेवढा एकच शनिवार मोकळा होता. पुढच्या शनिवारी ताईनं परत पोच दिली होती.

मी डोळे पुसत नव्हतो असं सांगणार नाही. पुसत होतो. खोलीत कोणी नव्हतं.

शेवटच्या ओळीवर आलो. मागचा शनिवार. पाठवणार श्यामराव, रायपूर. घेणार वनमाला, नंदनवन. वर्णन: डबा एक, डिस्क. आणि पुढे, जिथे बाकी सगळ्यांपुढे 'पोचला' होतं, तिथे या एकापुढे होतं 'रस्त्यात'.

क्षणभर मला कळेना. मग कळलं. शनिवारी आधी डब्याची बिल्टी फाडली, मग नक्कल घेतली आणि डबा त्यानंतर निघाला. रविवारी ताईनं पोच दिली ती मी सोमवारी भरली होती, पण तो सोमवार आता सर्व्हरमध्ये नव्हताच. रविवार ते गुरुवारच्या बिल्ट्या आम्ही गिऱ्हाइकांच्या मोबाइलवरून मागवून परत भरत होतो, ही पोच मात्र एकाच माणसाकडून मागवता येण्यासारखी होती. सर्व्हरच्या हिशेबानं डबा अजून नागपूरच्या वाटेवर होता. आणि नानांची अट अशी, की त्याची पोच आल्याशिवाय पुढचा डबा निघत नाही.

मी फोन लावला. ती उचलेपर्यंत वाजू दिला.

"अच्युत रोडलाइन्स, रायपूरहून बोलतो," मी म्हणालो. असं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. "शनिवारच्या डब्याची पोच नाही आली."

"कोणता डबा? तूच तर घेऊन गेला न परवा."

"परवाचं नाही, मागच्या शनिवारचं विचारून राहिलो. आमच्याइथं तो अजून रस्त्यातच दिसून राहिला."

"काहून? मी रविवारीच तर सांगितलं होतं तुले."

"ते गेलं, ताई. शनिवारपर्यंतचं वाचलं. तुह्या कपाटात होतं तेवढं. रविवार माह्यापाशी नाही."

पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला, म्हणजे ती बसली. धर्मपाल मैदानात ट्रक मागे घेत होता, त्याचा भोंगा तिलाही ऐकू जात असणार.

तिनं घसा खाकरला.

"वनमाला देशकर, नंदनवन," ताई म्हणाली, हजेरीच्या आवाजात. "डबा मिळाला. डबा एक." इथे ती थांबली. "चांगल्या स्थितीत."

"बरं," मी म्हणालो आणि भरलं. 'रस्त्यात' गेलं, 'पोचला' आलं.

"श्याम."

"हं."

"या शनिवारी धर्मपालच येऊन राहिला का दुसरा कोणी? दुसरा असला तर त्याले घर नीट समजावून सांग. अन् डिस्कचं कपाळ कोणीकडं आहे, ते तू येशील तवा मले एकदा दाखवून दे."